विहीणबाईंचा राब

जामसर, ता. जव्हार
१० मार्च

चि. पुष्पा,

तुला आणि तुझ्या घरातल्या सगळ्या लहानथोरांना आशीर्वाद. मी सुखरूप पोचलो. रोपंही पोचली, पण त्यांना सुखरूप म्हणवत नाही.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तुझं कानाचं यंत्र कायम डबीत असतं आणि तू पलीकडून नुसतं "हो, हो" म्हणत राहतेस. मागल्या महिन्यात गुडघा सुजलाय म्हणून सांगितलं, तर तू "छान झालं" म्हणालीस. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय इथं रेंज हवी तर वरच्या माळावर जावं लागतं, आणि तिथं आपलं बोलणं निम्म्या पाड्याला ऐकू जातं.

तू ओल्या गोणपाटात बांधून दिलेली रोपं मी ठाण्यापर्यंत मांडीवर घेऊन बसलो होतो. ठाण्याला जव्हारची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, झाडं घेऊन कुठं? जव्हार म्हणजे मिनी महाबळेश्वर, तिथं झाडांना काय तोटा?" अख्खी हयात पाचगणीत काढलेल्या माणसाला हे ऐकवतात! दहा मार्चला सकाळी साडेनऊला इथं ओट्यावर अनवाणी उभं राहून दाखवावं त्या कंडक्टरने. माती मात्र आपल्यासारखीच तांबडी आहे. हातात घेतली की घरच्यासारखं वाटतं आणि वर बघितलं की कळतं, घर लांब राहिलं.

घराच्या पूर्वेला मी चार वाफे केले आहेत. एकात जिरॅनियम, एकात हायड्रेंजिया, एकात स्ट्रॉबेरी आणि चौथ्यात तुझ्या दारचा गुलाबी गुलाब. फुशिया वाटेतच गेली. शाळेच्या बागेत चौतीस वर्षं हेडमाळी होतो, चार वाफे म्हणजे मला सकाळचा चहा. पण इथं सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही आणि संध्याकाळी घालायला पाणी उरत नाही. नळ आहे, त्याला मनात येईल तेव्हा पाणी येतं. विहीर टेकडीखाली आहे. वर्षा ड्युटीवर जाण्याआधी दोन खेपा करते. मी नको म्हटलं तर म्हणाली, "बाबा, तुमच्या फुलांना नाही आणत, अंघोळीला आणते." फुलांना अंघोळीचंच पाणी जातं, ते तिलाही माहीत आहे.

वर्षा बरी आहे. वाळली आहे, पण ते उन्हाने असेल. आरोग्य उपकेंद्रातून परत येते तेव्हा बायका वाटेत तिला थांबवतात. कुणाचं पोर दाखवायचं असतं, कुणाला नुसतंच बोलायचं असतं. घरी यायला रोज अंधार पडतो.

विहीणबाईंचं नाव माघी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शेत एकट्या बघतात. बोलणं कमी आणि बोलल्या की सरळ "तू". पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "वर्षाचा बाबा, तू दमलास. बस." आपली आई गेल्यापासून तुझ्याशिवाय मला कुणी "तू" म्हटलं नव्हतं गं. राग आला होता. इथं सगळेच सगळ्यांना तू म्हणतात असं वर्षा म्हणते. असेल.

रविवारी शिरपामाळला जाऊन आलो. शिवाजी महाराज तिथं थांबले होते म्हणतात. वारा चांगला होता.

आता काम. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे, आठवड्यातून एकदा खिडक्या उघड. मागची खोलीसुद्धा झाडून घे आणि कॉटवर नवी गादी टाकून ठेव. का ते विचारू नकोस. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी येतो.

तुझा,
दादा

जामसर
२२ एप्रिल

चि. पुष्पा,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने ते आधी उपकेंद्रात दिलं, तिथून वर्षाने आणलं. पाकीट फोडलेलं नव्हतं, तेव्हा तू लिहिलेलं तिने वाचलेलं नाही. "जावयांशी बोलतोस का?" असं तू तीन ठिकाणी विचारलं आहेस. एकदा पुरे होतं.

जिरॅनियम गेलं. स्ट्रॉबेरीची पानं कडेने करपली आणि चार दिवसांत चुरा झाला. गुलाबाच्या काड्या उभ्या आहेत, पण नुसत्या काड्याच. हायड्रेंजियाचं एक रोप तग धरून आहे. बाकी सगळं मी माझ्या हाताने उपटून टाकलं. शाळेत एखादं झाड मेलं तर माळ्याला दोन दिवस बोलायचो मी. आता स्वतःला किती बोलणार?

हसू नकोस, पण खरी हकिगत पुढेच आहे. ती लिहायची नव्हती. पण वर्षा तुला कधीतरी सांगेलच, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐक.

उन्हात मुळं वाचवायची तर वाफ्यावर पाल्याचा जाड थर द्यायचा, हे तुला मी सांगायला नको. इथं पाला कुठून आणायचा म्हणून हिंडत होतो. घरामागे शेताच्या कोपऱ्यात बघतो तर काय! खोलीएवढ्या जागेत शेण, त्यावर डहाळ्या, त्यावर सुका पाला, गवत आणि सगळ्यात वर माती भुरभुरलेली. इतकं नीट अंथरलेलं की मला वाटलं, इथल्या कुणाला तरी खत करायची चांगली अक्कल आहे. विहीणबाई तेव्हा भावाकडे मोखाड्याला लग्नाला गेल्या होत्या. मी दोन सकाळी खपलो. चाळीसएक टोपल्या वाहिल्या. चारही वाफ्यांवर वीतभर थर दिला आणि वर्षाने आणलेल्या पाण्यातलं तीन हंडे पाणी वर ओतलं. गुडघ्याने रात्रभर शिव्या दिल्या, पण मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. घरामागे गेल्या, परत आल्या आणि माझ्या वाफ्यांसमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "राब हाय तो, वर्षाचा बाबा. भात कशात पेरू मी आता?"

मला राब म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तुलाही नसेल. इथं भाताची आणि नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, रोपं ज्या जागी करायची, त्या जागेवर हे सगळं थरावर थर रचतात आणि पावसाआधी जाळतात. त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकतात. माघापासून डोंगरावरून डोक्यावर भारे आणून बाईने ते रचलं होतं. एकटीने. पुढच्या वर्षाचं सगळं धान्य त्या कोपऱ्यातून उगवणार होतं आणि मी ते स्ट्रॉबेरीच्या मढ्यावर पांघरलं.

पण मला सांग पुष्पा, मी काय मुद्दाम केलं? जाळायला पाला असतो हे कुणाला सुचेल? आपल्याकडे पाला जाळणाऱ्या माळ्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर उभं केलं नसतं. मी तसं बोललोही. म्हटलं, "एवढं सोनं जाळता कशाला? कुजवा की." विहीणबाई आत जाऊन भाकरी करायला बसल्या. माझ्या ताटातही वाढली. नेहमीसारखीच, गरम.

मी म्हटलं, आणखी पाला तोडू, त्यात काय. तर ऐनाच्या झाडाची डहाळी एकदा काढली की त्या वर्षी पुन्हा काढत नाहीत. विहीणबाई म्हणाल्या, "झाडाला पन दम घ्याया लागतो."

वर्षाला संध्याकाळी कळलं. ती काय म्हणाली ते लिहीत नाही.

मागच्या खोलीबद्दल पुन्हा विचारलंस. सांगितलं ना, विचारू नकोस.

तुझा,
दादा

जामसर
१६ मे

चि. पुष्पा,

आशीर्वाद. वीस दिवस तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण हात रिकामा नव्हता. आजही बोटांना चिरा पडल्या आहेत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाफ्यांवरचा पाला परत उचलायला घेतला. ओला झाला होता, खालून बुरशी धरली होती आणि ओला राब जळत नाही. मग तो खळ्यात पसरला आणि आपली आई कुरडया वाळवायची तसा तीन दिवस उलटापालटा करत बसलो. अर्ध्याहून अधिक मातीत गेला होता. उरला तो जेमतेम कोपऱ्याच्या कोपऱ्याला पुरेल एवढा.

चौथ्या दिवशी पहाटे विहीणबाई विळा घेऊन निघाल्या. मीही काठी घेऊन मागे गेलो. त्या थांबल्या नाहीत, पण नको असंही म्हणाल्या नाहीत. डोंगरात तोडायचं नाही, फक्त पडलेला पाला गोळा करायचा. त्यांचा भारा बांधून होईपर्यंत माझी टोपली निम्मी भरायची. उतरताना मी दोनदा बसलो. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा त्यांनी माझी टोपलीसुद्धा स्वतःच्या भाऱ्यावर ठेवली आणि चालू लागल्या. अशी शरम मला कधी वाटली नव्हती.

पाड्यात ही गोष्ट पसरलीच होती. विहिरीवर शेजारच्या काशीने मोठ्याने विचारलं, "माघी, तुझा राब कुठं गेला गं?" मी हंडा घेऊन तिथंच उभा होतो. विहीणबाई म्हणाल्या, "थंडीच्या गावचा मानूस. त्याला वाटला, झाडांला पन थंडी वाजते. पांघरून घातला त्याने." सगळ्या बायका अशा हसल्या की काशीच्या हंड्यातलं पाणी सांडलं. मीही हसलो. काय करणार? पण संध्याकाळी काशी एक भारा आणून घरामागे टाकून गेली. दुसऱ्या दिवशी बुध्याच्या घरून आला, मग आणखी दोघांच्या. कुणाचा फार मोठा नव्हता, प्रत्येकाला स्वतःचा राब होताच. कुणी मला काही बोललं नाही. विहीणबाईंनी त्यांना काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे.

परवा भाजणी केली, म्हणजे राब जाळला. वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवतात, म्हणजे आग घाईने पळत नाही, जागच्या जागी बसून खाते. माझ्यातला हेडमाळी काही गेलेला नाही. मी विहीणबाईंना म्हटलं, एक हातभर पट्टा न जाळता मला द्या, त्यात मी माझ्या पद्धतीने कुजलेलं खत घालतो, बघू कुणाची रोपं चांगली येतात. त्यांनी लगेच काठीने रेघ ओढून दिली. म्हणाल्या, "बघ." त्या "तू"चा आता राग येत नाही.

आता मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो.

वर्षा त्या संध्याकाळी ओरडली नाही. उंबऱ्यात बसून चपलांचे पट्टे सोडत होती. म्हणाली, "बाबा, जे दिसेल ते तुमच्या बागेचं, असंच वाटतं तुम्हाला. कुणाला विचारावंसं वाटत नाही. आईंना विचारलं नाहीत. सात वर्षांपूर्वी मला तरी कुठं विचारलंत? नाही म्हणालात आणि दार लावून घेतलंत. मंगेश कसा आहे, एवढं तरी एकदा विचारायचं होतं."

तुला सगळं माहीत आहे. लग्नाला तू आणि जयश्री गेलात आणि मी घरात बसून कुंड्यांना गेरू लावत राहिलो. नंतर तुझ्याशी सात महिने बोललो नाही. जयश्री दर फाल्गुनात इथं लेकीकडे यायची. परत आली की मी पेपर तोंडासमोर धरायचो, मग ती चहाच्या पातेल्याला सगळं सांगायची: मंगेशची आश्रमशाळा किती लांब आहे, घर कसं आहे, पोरीची तब्येत कशी आहे. मी पेपराआडून ऐकायचो. एक पान उलटायला मला अर्धा तास लागायचा, तिला ते कळत असणार. तिच्या शेवटच्या आजारपणात वर्षा दीड महिना येऊन राहिली, तेव्हाही मी तिच्याशी औषधांपलीकडे बोललो नाही.

डोंगरातून येताना विहीणबाई एकदा आपण होऊन म्हणाल्या, "जयश्री भारा चांगला बांधायची." मी थांबलोच. जयश्रीने इथं राब रचलाय पुष्पा, दोन वर्षं, यांच्या जोडीने. माझ्या बायकोचे हात या कोपऱ्याला लागले होते आणि मला ठाऊक नव्हतं. ते तिने पातेल्यालासुद्धा सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, हे ऐकलं तर मी पेपरही खाली ठेवीन आणि उठून जाईन.

शिरपामाळला मला मंगेशने नेलं होतं. पहिल्या पत्रात मी त्याचं नाव गाळलं. मोटरसायकलवर खड्डा आला की मागे वळून "बाबा, धरून बसा" म्हणायचा. मी त्याला धरलं नाही, कॅरिअरला धरून बसलो. त्याने ते पाहिलं आणि गाडी आणखी हळू घेतली.

आणि आता खोली. तुला वाटलं, दादा शेवटी लेकीशी समेट करायला निघाला. तू किती आनंदाने रोपं बांधून दिलीस. मी समेट करायला आलो नव्हतो. वर्षाला परत न्यायला आलो होतो. आपल्याकडच्या एका दवाखान्यातल्या मोठ्या बाईंशी मी जानेवारीतच बोलून ठेवलं होतं, नर्सची जागा आहे. मला वाटलं, दोन-तीन महिने पोरीजवळ राहू, इथलं ऊन, पाणी, पायपीट तिच्याच नजरेला आणून देऊ, आणि जूनमध्ये ती माझ्याबरोबर एसटीत बसेल. मंगेशचं काय, तिच्या संसाराचं काय, हा विचार मी केला नाही. बाग हा बहाणा होता. बागेत बसलं की माणसाला कुणी फार विचारत नाही.

एवढं कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला सांगतो आहे, कारण तू रागावलीस तरी किल्ली परत पाठवणार नाहीस. जूनमध्ये येत नाही. का, ते अजून मलाच नीट कळलेलं नाही.

तुझा,
दादा

जामसर
२० जुलै

चि. पुष्पा,

अनेक आशीर्वाद. तू रागावली नाहीस म्हणून मी रागावलोय. एवढं सगळं लिहिलं आणि तू उत्तरात पाव पान लिहितेस, "बरं केलंस सांगितलंस. गुडघ्याला तेल लाव." तेल लावतो.

इथं आता महिनाभर कपडे वाळलेले नाहीत. त्या बाबतीत मात्र आपल्या पाचगणीची आठवण येते. आधी बागेचं सांगतो. जिवंत राहिलेला हायड्रेंजिया विहीणबाईंनी मला न विचारता मोरीच्या बाजूला, पागोळीखाली नेऊन लावला होता. मी म्हटलं, का? "त्याला तहान लय." आता तो गुडघ्याएवढा झाला आहे. बाकीच्या वाफ्यांत मी तेरडा, झेंडू, काकडी आणि दोडका लावला. दोडक्याला कारवीच्या काठ्यांचा मांडव केला आहे. उन्हाळ्यात इथं झाडं लावायची नसतात, झाडांची वाट पाहायची असते. चौतीस वर्षांच्या हेडमाळ्याला हे चार महिन्यांत कळलं.

आता पट्ट्याचा निकाल. मी हरलो. भाजलेल्या जागेत भात असा उगवला की मधे बोट घालायला जागा नाही, गडद हिरवा, आणि तणाची एक काडी नाही. माझ्या पट्ट्यात तणच आधी आलं. भात त्यात शोधावा लागत होता. चार दिवस मी गुपचूप उपटत होतो, पाचव्या दिवशी विहीणबाईंनी बघितलं. हसतील असं वाटलं. त्यांनी माझ्याशेजारी बसून निम्मा पट्टा उपटून दिला. मग मीच म्हटलं, "विहीणबाई, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "आता तुला म्हाईत झाला ना? मंग." मला फक्त पट्ट्याबद्दल म्हणायचं नव्हतं. म्हणून पुढचंही सांगितलं, की मुलीच्या लग्नाला मी यायला हवं होतं, तुमच्या दारात उभं राहायला हवं होतं, आणि मी आलो नाही. त्या रोपांकडे बघत म्हणाल्या, "जयश्री सांगून गेली व्हती. येल, म्हनाली. उशीर करल, पन येल."

तिथं मला रडू आलं, पुष्पा. शेताच्या बांधावर, पावसात. पावसामुळे कळलं नसेल असं मी धरून चाललो आहे.

मंगेशशी बोलतो. तू आता चौथ्यांदा विचारू नकोस. त्याच्या शाळेतल्या मुलांबरोबर वर्गामागे भाजीचे वाफे केले. तो मला "बाबा" म्हणतो तेव्हा मी "ओ" देतो. आधी नुसता वर बघायचो.

गेल्या आठवड्यात आवणी झाली. आवणी म्हणजे राबातली रोपं उपटून चिखलात लावणं. रोपं कमी पडली. एक लहान खाचर रिकामं राहिलं, माझ्यामुळे. त्यात विहीणबाई आता वरी टाकणार आहेत. कुणी मला ते दाखवलं नाही, पण मी रोज बघतो. मलाही चिखलात उतरवलं होतं. दोन ओळी लावल्या आणि तिसरीला बसलोच खाली, सगळ्या पाड्यादेखत. वर्षा उपकेंद्रातून परत येत होती. छत्री टाकून धावत आली, आधी तिला वाटलं मला चक्कर आली. मग मला उठवता उठवता हसायला लागली. लहानपणी हसायची तशी, डोळे मिटून.

बांधावर बसवून ती माझे पाय धूत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. खोली, गादी, दवाखाना, सगळं. म्हटलं, "पोरी, मी तुला बघायला नव्हतो आलो. न्यायला आलो होतो."

ती पाय धूत राहिली. म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा. त्या दवाखान्यातल्या बाईंनी मला फेब्रुवारीतच फोन केला होता, कधी येताय म्हणून."

"मग मला येऊ कशाला दिलंस?"

"न्यायला का होईना, येताय म्हटलं. येऊ देत."

एवढंच बोलली आणि दुसरा पाय धुवायला घेतला. मंगेशलाही माहीत होतं, पुष्पा. मोटरसायकलवर "बाबा, धरून बसा" म्हणणाऱ्या माणसाला माहीत होतं, की हा म्हातारा आपली बायको न्यायला आलाय.

मागच्या खोलीत तुझं शिलाई मशीन आणून ठेव. तिथं उजेड चांगला येतो. मी नवा भात खाऊनच येईन, तोही चार दिवसांसाठी. त्या वेळी आम्ही चौघं येऊ. विहीणबाईंनी पाचगणी पाहिलेली नाही. त्यांना थंडी वाजेल, एखादी जाड गोधडी काढून ठेव.

एक गोष्ट सात वर्षं तुला विचारायची राहिली आहे. विचारायला तोंड नव्हतं. आता समोरासमोर विचारवणार नाही, म्हणून पत्रातच विचारतो. लग्नाच्या दिवशी वर्षाला हळद लागत होती तेव्हा तू तिच्याशेजारी होतीस. तिने दाराकडे पाहिलं होतं का गं? किती वेळा? खरं काय ते लिही, माझं मन राखू नकोस. जे असेल ते मला ऐकायचं आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझा दादा, वर्षाचा बाप